मी तिचा चोट्टा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे गाद्या झोडपणं. क्लासच्या गाद्या. समाजमंदिराच्या गच्चीवर दुपारभर उन्हात टाकल्या होत्या. जुन्या कापसाच्या, जड, ओल धरणाऱ्या. मी एक टोक धरून उभा आणि ती काठीनं हाणत होती. धूळ उडाली की माणूस तोंड फिरवतो, तिला ते माहीतच नव्हतं. धुळीकडे तोंड करूनच हाणायची आणि मग शिंकत बसायची. एका गादीच्या मधोमध काळपट डाग आहे, माणसाच्या पाठीएवढा. त्यावर काठी टेकवून म्हणाली,

"हे पाहा. तुमच्या घामाचा डाग. कितीही घासा, निंगत नाई."

"पाडतं कोन मले? तू. मंग डाग कोनाचा?"

"चोट्ट्याचा," असं म्हणून हसली. मग काठीवर भार देऊन उभी राहिली, दम लागल्यासारखी. "त्या पोट्टीचं मनात घोयून राह्यलं जी. उद्या सकायी मी तिच्या तोंडातून काढतोच. नाई निंगालं तं पोट्टी नोकरी सोडून घरी बसन."

त्या पोरीच्या तोंडून दोनच शब्द निघायचे होते. 'सोड बे.' ते का निघत नव्हते, ते पुढे सांगतो.

गाद्या खाली आणून रचल्या, घरी आलो. दिवेलागणीला ती ओट्यावर मेथी निवडत होती. छातीत भरून आलं म्हणाली, पाणी मागितलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. तिच्याबद्दल लिहायचं तर मरणापाशी फार वेळ थांबून उपयोग नाही, म्हणून ते इथंच सांगून टाकलं.

तिचं नाव मी कधी घेतलं नाही. लग्नात उखाण्यात घ्यायला लावलं तेवढंच. अमरावतीतला आमचा सगळा मोहल्ला तिला बाई म्हणायचा, म्हणून मीही बाईच लिहितो. आम्ही माळी. शहराच्या कडेला आमची वाडी आहे, तिच्यात वांगी, मेथी, सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, आणि सणावाराला झेंडू. मी पिकवायचो, ती बाजारात बसायची. बाप तिचा पातूरकडचा, अखाड्यातला माणूस. त्याला पोरगा नव्हता, म्हणून हिलाच मातीत लोळवली. लग्न झाल्यावर ते सगळं बंद होतं. परत सुरू झालं ते एका म्हातारीच्या 'जी'मुळे.

बाजारात आमच्या शेजारी एक म्हातारी लिंबं विकायची. एका सकाळी एक जण मोटारसायकलवर आला. लिंबं निवडल्यासारखं केलं आणि तिच्या गळ्यातल्या पोतीला हात घातला. म्हातारीनं पोत घट्ट धरली. हे चांगलं केलं. पण तोंडानं काय म्हणाली? "अहो भाऊ, असं नका करू जी." चोराला! आजूबाजूच्यांना वाटलं लिंबाच्या भावावरून घासाघीस चालली आहे. कोणी मान वर केली नाही. पोत गेली.

बाई त्या दिवशी घरी येईपर्यंत हसत होती. भाकरी थापता थापता तिनं हात थांबवला. म्हणाली, "पाहा ना, आपला गळा धरला तरी आपन त्याले भाऊ म्हनतो. वर जी लावतो. हात मंग शिकवू, पयले बायांचं तोंड शिकवलं पायजे."

तिचं शास्त्र एवढंच होतं. भाऊ, दादा, मामा, काका, जी, हे सगळं बाईमाणसाच्या तोंडातून आधी काढून घ्यायचं. "ज्यानं हात घातला त्याचं नातं संपलं," असं रोज बोलायची. तुम्हाला वाटेल यात काय शिकवायचं? आपल्या घरातल्या बाईला, मोठ्या वयाच्या माणसाकडे पाहून 'काबे' म्हणायला सांगून पाहा. कापतील तिचे ओठ.

समाजमंदिरात सकाळचा क्लास सुरू झाला. बाजारच्या बाया, मोहल्ल्यातल्या सुना, कॉलेजच्या पोरी. बायांनी बायांचेच हात धरून सोडवले की त्यांना वाटायचं जमलं. बाई म्हणाली, खरा हात पाहिजे, जड, बाप्याचा. आणि तिच्या ओळखीचा फुकटचा बाप्या एकच होता.

पहिल्या दिवशी उंबऱ्याबाहेर मला म्हणाली, "आवो, चपला इकडं काढा, कुत्रं नेते." मी चपला काढल्या, उंबरा ओलांडला, आणि मागून आवाज आला, "काबे चोट्ट्या! तिकडं काय पाहून राह्यला? ये इकडं!" मी वळून दाराकडे पाहिलं, कोण शिरलं म्हणून.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. 'तू' तर सोडाच, माझ्याकडे बोट दाखवूनही ती कधी बोलली नव्हती. बाया पदर तोंडाला लावून बसल्या. एक जण उठलीच. म्हणे, नवऱ्याला अरेतुरे केलं तर पाप लागतं, आम्हाला नाही शिकायचं हे.

बाई शांतपणे म्हणाली, "नवऱ्याले कोन म्हनते वं? मी चोट्ट्याले म्हनतो. नवरा तिकडं चपलीपाशी उभा हाय."

उठलेली परत बसली. पुढे तिनंच मला सगळ्यात जास्त पाडलं.

तेव्हापासून मी उंबऱ्याच्या आत चोट्टा, बाहेर नवरा. आत मनगट पिरगाळून घ्यायचं, गादीवर आपटायचं. घरी आलं की तीच बाई कोमट तेल घेऊन बसायची आणि मनगट चोळत विचारायची, "कोनं मुरगायला जी इतका?" जशी काही ती तिथं नव्हतीच. मीही सांगायचो, "हाय एक वाईट बाई." ती म्हणायची, "तिच्या नादी लागू नका."

नाव मात्र उंबऱ्याच्या आत राहिलं नाही. बाजारात बाया विचारायच्या, "बाई, आज तुमचा चोट्टा नाई आला?" नवीन गिऱ्हाईक घाबरून पाकीट चाचपायचं.

आमच्या पोरीला पाहायला अकोल्याहून पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, मुलाचे काका मला विहिरीचं पाणी विचारत होते. सगळं रीतसर चाललं होतं. तेवढ्यात क्लासमधली एक बाई दारातून ओरडली, "बाई, चोट्टा घरी हाय का? दोन दिवस दिसला नाई, हात शिवशिवून राह्यले माहे!"

काकांनी बशी खाली ठेवली. मुलाच्या आईनं पर्स मांडीवर ओढून घेतली. आमच्या बाईनं मानही वळवली नाही. "हाय," म्हणाली, "पाव्हण्यांपाशी बसला हाय."

मग समजावून सांगावं लागलं. काकांचा चेहरा काही सैल होईना. पण मुलाची आई म्हणाली, "मले दाखवा बरं कसं सोडवतात." आता मी होणाऱ्या विहिणीचं मनगट धरायचं! मी हात मागे घेतला. बाईनं डोळे वटारले. धरलं. तिनं बाईनं सांगितलं तसा माझ्या अंगठ्याच्या बाजूनं झटका दिला, हात सुटला, आणि ती पोरीसारखी ओरडली, "अवं माय, सुटला ना!" लग्न तिथंच ठरलं. आता ती विहीण अकोल्यात आपल्या गल्लीतल्या सुनांना शिकवते. तिचा चोट्टा कोण, ते मी विचारलेलं नाही. ते काका असावेत अशी माझी इच्छा आहे.

अंगठ्याची युक्ती बाईची नव्हती. ती खेळाच्या कॉलेजातल्या एका पोरीची. पांढऱ्या कपड्यांतली ती पोरगी बाईनं एकदा मैदानावर पाहिली आणि सरळ जाऊन तिच्या पाया पडली. म्हणाली, मला शिकव. आमच्या लेकीच्या वयाची पोरगी, लाजून पळायच्या बेतात होती. पण मग वर्षभर येत राहिली. मनगट धरणाऱ्याची पकड अंगठ्यापाशी उघडते, बोटांशी भांडू नका, हे तिनं शिकवलं. बाईनं त्यात आपलं घातलं. एका हातात भाजीची थैली धरूनच शिकायचं, कारण रस्त्यात कोणी थैली ठेवायला वेळ देत नाही. आणि हात सुटला की थांबायचं नाही, पळायचं. "सुटली का पय. तिथं उभी राहून त्याचं थोबाड पाहू नको." साडी नेसून पळायचा सराव मोहल्ल्यानं फुकट पाहिला. पोरं टाळ्या वाजवायची. बाई त्यांच्याकडे पाहून वाकून नमस्कार करायची.

विचित्रच होती. कोणाच्याही घरी गेली की पाण्याच्या आधी विचारायची, मागचं दार कुठं उघडते. मयतीच्या घरीही. बाजारात क्लासच्या बायांच्या टोपलीतून बोलता बोलता एखादं लिंबू, एखादी काकडी उचलायची, आणि पुढे जाऊन ओरडायची, "लक्ष कुठी हाय वं तुहं?" मग परत आणून द्यायची. एकदा चुकून दुसऱ्याच बाईच्या टोपलीतून उचलली, ती क्लासची नव्हती. त्या बाईनं तिला भर बाजारात असं झापलं की विचारू नका. बाई खूश. "अशी पायजे," म्हणाली, आणि तिला क्लासला ये म्हणून मागे लागली. ती म्हणाली, मला कशाला?

एकदा सगळ्या क्लासला घेऊन चिखलदऱ्याला गेलो. सहल नव्हती ती. तिथं दरीच्या काठावर एक जागा आहे, आवाज दिला की परत येतो. घरात ओरडलं तर सासू येते, गल्लीत ओरडलं तर लोक येतात, म्हणून बाईनं बायांना ओरडायला दरी आणून दिली. एकेक जण कठड्यापाशी जायची आणि ओरडायची, "सोड बे!" दरी परत म्हणायची, बे, बे, बे. फिरायला आलेली एक नवी जोडी होती, नवऱ्यानं बायकोचा हातच सोडला. शेवटी लिंबूवाली म्हातारी पुढे झाली. पोत गेलेली, तीच. पदर खोचला, छाती भरून घेतली आणि सगळ्या मेळघाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "सोड बे!" आम्ही टाळ्या वाजवणार, तेवढ्यात तिच्या तोंडून निघालंच, "...जी!" दरीनंही म्हटलं, जी, जी, जी. बाई खाली बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी आयुष्यभर जमीन खणली. माझे हात असे आहेत की चहाचा कप धरला तर कपाची कीव यावी. या हातांचा आणखी काही उपयोग असेल असं मला वाटलं नव्हतं. बाईनं तो करून घेतला. किती बायांनी माझ्या हातातून आपला हात ओढून घेतला, मोजलं नाही. पण हात सुटल्यावर बाईमाणसाच्या तोंडावर जे येतं, ते मी इतक्या जवळून पाहिलं आहे, जेवढ्या जवळून फार कमी बाप्यांनी पाहिलं असेल. ते मला तिच्यामुळे मिळालं. याचे आभार जिवंतपणी मानले नाहीत, आमच्यात तशी रीत नाही. तिनंही तेलाचे आभार मागितले नाहीत.

आता त्या पोरीचं.

बाप तिचा देवळातला पुजारी, शांत माणूस. ती नांदगाव पेठेत कपड्याच्या एका कारखान्यात, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. ऑफिसची गाडी सकाळी शहरातून माणसं घेऊन जाते. त्या गाडीत तिच्या शेजारी ऑफिसातला एक वयानं मोठा माणूस बसायचा. सगळे त्याला मामा म्हणतात. गाडी हलली की मामाचा हात हलायचा. आधी थैलीच्या आडून, मग मनगटावर. तिच्या बापानं त्याच्याकडे सत्यनारायण सांगितलेला, येणंजाणं होतं. कारखान्यात तक्रार ऐकायला बायांची समिती आहे. ही दारापर्यंत जाऊन परत आली.

"काहून आली परत?" बाईनं विचारलं होतं.

"आत जाऊन काय म्हणू? मामांनी असं केलं, मामा तसं करतात... माझ्याच कानाला ते खोटं वाटतं."

"मंग मामा म्हनू नको. मी येतो संगं समितीपाशी. पन तोंड तुहं पायजे."

क्लासला यायला लागली, गाडी पकडायच्या आधी. पोरगी चलाख. अंगठ्याची युक्ती तिला पहिल्याच दिवशी आली. पण हात सोडवताना तोंडातून निघायचं, "मामा, प्लीज सोडा ना." आणि हे म्हटलं की हातातलं बळ जायचं. रोज तेच. मी धरायचो, ती प्लीज म्हणायची, हात तिथंच.

बाई गेली त्या दिवशी सकाळीही तसंच झालं. बाईनं कपाळाला हात लावला. "मामा काहून म्हनतं? तुह्या मायचा भाऊ हाय का तो?"

"नाही."

"मंग?"

"सगळेच म्हणतात." पोरगी रडायला आली. "बाई, माझ्या तोंडात तसले शब्दच नाहीत हो. आमच्या घरी कुत्र्यालासुद्धा हाड म्हणत नाहीत."

"मंग कुत्रं घरात येत असन."

रडता रडता हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "उद्या शेवटचं येते. उद्या नाही जमलं तर राजीनामा देते. बाबांना सांगेन, काम झेपत नाही."

"झेपतं ना तुले?"

"हो."

"आवडतं?"

"खूप."

"मंग उद्या ये," बाई म्हणाली. "मी हावो ना."

दुपारी आम्ही गाद्या झोडपल्या. संध्याकाळी ती गेली.

दिवस मावळल्यावर नेत नाहीत, म्हणून तिला घरातच ठेवली होती. अकोल्याहून पोरगी, जावई, विहीणबाई आले. क्लासच्या बाया अंगणात बसून होत्या. उजाडलं तसे भाऊबंद जमले, बांबू आले. मी उठलो, तोंडावर पाणी मारलं आणि खुंटीवरची समाजमंदिराची किल्ली घेतली.

चुलतभाऊ दारात आडवा आला. "कुठी चालला?"

"क्लासवर."

"डोकं फिरलं का बे तुहं? घरात मढं हाय. सुतक हाय."

"पोरगी येऊन बसली असन. तिले कोनी सांगतलं नाई."

"मंग पोट्टं पाठव कोनाचं, सांगून येईन."

मी चपला शोधायला लागलो. माझी पोरगी आतून म्हणाली, "जाऊ द्या काका त्याईले." तिनं मला चपला दिल्या.

पायरीवर बसलीच होती, मांडीवर थैली घेऊन. गाडीला वेळ होता. "काका, आज तुम्ही एकटेच? बाई?"

मी कुलूप काढलं. एक गादी ओढून पसरली. "चपला काढ," म्हणालो. "थैली हातातच ठेव. ये."

तिचं मनगट धरलं. आदल्या संध्याकाळी दवाखान्यात धरला होता तो हात गार होत गेला होता. हा हात गरम होता, त्यात नाडी उडत होती. सोडून द्यावा असं वाटलं. सोडला नाही. बाई जेवढं धरू द्यायची त्याच्यापेक्षा जोरात धरला.

"काका, दुखतंय."

"मी काका नाई."

"काका, सोडा ना, प्लीज."

"नाई सोडत. गाडी चालू झाली. कोनी पाहून नाई राह्यलं. बोल."

तिनं दाराकडे पाहिलं. बाई येऊन ओरडेल असं वाटलं असावं. कोणी आलं नाही. मी तिला आणखी थोडं माझ्याकडे ओढलं. तिच्या डोळ्यांत आधी भीती आली, मग ती गेली, आणि जे आलं ते मी ओळखतो.

"सोड," म्हणाली. हळूच.

"आयकू नाई आलं."

"सोड! सोड बे! हात सोड माझा!"

थैलीसकट असा हिसका दिला की माझा खांदा वाजला. आणि थांबली नाही. उंबरा ओलांडून अनवाणी रस्त्यापर्यंत पळाली. दूधवाल्यानं सायकल थांबवली. मग तिथंच वळली आणि परत पळत आली, केस सुटलेले, दम लागलेला, हसून हसून लाल झालेली.

"काका, म्हणाले ना मी? ऐकलंत ना? बे पण म्हणाले! आजच जाते मी समितीकडे, आजच. बाईंना सांगा हं. नाही, थांबा, तुम्ही नका सांगू, मीच सांगते. कधी येणार आहेत त्या?"

मी तिला गादीवर बसवलं. मी समोर जमिनीवर बसलो. मग तिला सांगितलं.